सोलापुरात मुलाची पहिली गाडी म्हणून जुनी पद्मिनी घ्यावी का?

जुळेसोलापूरकरीण

नमस्कार मंडळी. आधीच सांगते, गाड्यांतलं मला कळतं ते एवढंच की पेट्रोल संपत आलं की काटा लाल रेघेवर येतो. मी अ‍ॅक्टिव्हावाली. चारचाकी मला येत नाही, घरची वॅगन आर मिस्टर चालवतात.

मुलगा बारावीला आहे, येत्या मार्चात अठरा पूर्ण होतील. त्याच्या वर्गातली पोरं बुलेटसाठी घरात रुसून बसतात, आमचं ध्यान पद्मिनीसाठी बसलंय. दोन वर्षं झाली. मोबाइलच्या वॉलपेपरवर पद्मिनी, वहीच्या शेवटच्या पानावर पद्मिनीचा पुढचा जाळीवाला तोंडवळा.

याला कारण माझे वडील. गिरणीत कारकून होते. गिरणी बंद पडल्यावर आलेल्या पैशात त्यांनी जुनी पद्मिनी घेतली आणि भाडी मारायला लागले. स्टेशनवर उतरलेली बाहेरगावची माणसं घ्यायची, अक्कलकोट, तुळजापूर, पंढरपूर फिरवून रात्रीच्या गाडीला आणून सोडायचं. माझं लग्न त्या गाडीवर झालं म्हटलं तरी चालेल. २००३ मध्ये विकली. मुलानं ती गाडी पाहिलेलीच नाही, पण आजोबांनी त्याला ती इतक्या वेळा सांगितली की त्याला नंबरसुद्धा पाठ आहे. वडील गेल्या वर्षी गेले. नातवाच्या नावानं दोन लाखांची एफडी ठेवून गेले आणि ती कशासाठी हे तोंडानं सांगून गेले नाहीत, पण आम्हाला कळायचं ते कळलं.

मिस्टर म्हणतात, दोन लाखांत चांगली सेकंड हँड स्विफ्ट येते, ही भंगाराची हौस कशाला? मुलाचं उत्तर तयार असतं. प्रीमियर कंपनी १९४४ साली काढली वालचंद हिराचंद शेठजींनी, शेठजी जन्मले सोलापुरात, १८८२ ला, म्हणजे पद्मिनी आपल्या गावची लेक झाली! कारखाना कुर्ल्याला होता, हे तो हळू आवाजात सांगतो.

आम्ही अक्कलकोट रोडला एक गाडी बघून आलोय. १९८६ ची, पांढरी, नवा रंग, नव्या रेग्झिनच्या सीट, अगदी चकाचक. एक लाख साठ सांगतोय. कागदांचं विचारलं तर ‘सगळे आहेत ताई, गाडी घ्या, देतो की’ असं म्हणाला. मुलगा तिथून निघायलाच तयार नव्हता.

माझे प्रश्न साधे आहेत. शिकाऊ मुलाच्या हातात अशी गाडी द्यावी का? बिघडली तर सोलापुरात नीट करणारं कोणी उरलंय का? आरटीओत पुढं काय काय निघतं? आणि पद्मिनी नको असेल तर दुसरी कोणती जुनी गाडी?

एक गोष्ट खरी सांगून टाकते, इथं कोण मला ओळखत नाही म्हणून. हट्ट एकट्या मुलाचा नाही. मलाही ती गाडी हवीय. हे घरात अजून कुणाला बोललेले नाही.

एसएस८०वाला

ताई, तुमच्या पोराला माझा सलाम सांगा. पण पद्मिनी पहिली गाडी म्हणून नको बघा. मारुती ८०० घ्या.

हसू नका. पहिली ८०० रस्त्यावर आली डिसेंबर १९८३ ला, म्हणजे चाळीस वर्षं उलटून गेली. माझ्याकडं १९८५ ची आहे, ती सुरुवातीची चौकोनी एसएस८०. मोहोळजवळ एका वस्तीवर मिळाली, मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालायच्या. दोस्त म्हणायचे, काय बे, ही गाडी हाय का खुराडं? आता तेच गड्ड्याच्या यात्रेत फोटो काढायला मागतात.

७९६ सीसी, तीन सिलिंडर, वजनाला हलकी, क्लच लोण्यासारखा. नवख्याला यापेक्षा सोपं काही नाही. गल्लीतला कुठलाही मेस्त्री डोळे झाकून खोलतो. फक्त माझ्यासारखी एसएस८० शोधत बसू नका, तिच्या मागच्या लाइटसाठी मी आठ महिने हिंडलो. १९८६ नंतरची गोल कडांची घ्या, तिचे पार्ट अजून मिळतात अन् पुढं डिस्क ब्रेकपण आहेत. साठ-सत्तर हजारांत काम होतंय, उरलेल्या पैशात पोराचं पहिलं वर्ष निघतंय.

पोरगं म्हणेल ही क्लासिक नाही. म्हणू द्या. आणखी दहा वर्षांनी म्हणेल.

डेक्कनचा_दिनू

कॉन्टेसा बघा. त्या गाडीचा रुबाब वेगळाच. पुण्यात एक आहे, हवी असल्यास कळवा.

अशोकचौक५६

ताई, मी ६९ वर्षांचा आहे, अशोक चौकात बारा माग होते, टॉवेल काढायचो. १९८४ ची पद्मिनी नवी घेतली, वडिलांनी पैसे भरून नंबर लावला होता, नंबर येईस्तोवर मला दोन पोरं झाली. ती गाडी आजही दारात आहे. माल वाहिला, वऱ्हाड वाहिलं, एकदा शेजारणीला दवाखान्यात नेताना बाळंतपणही त्याच गाडीत झालं. तेव्हा मी पद्मिनीच्या बाजूनंच बोलणार, हे धरून वाचा. कॉन्टेसावाल्यांना नमस्कार, पण बारावीच्या पोराला एवढं लांबडं धूड सात रस्त्याला वळवायला लावू नका.

पहिलं. मार्चपर्यंत पोरानं किल्लीला हात लावायचा नाही. ‘कॉलनीतच तर चालवतोय’ हे ऐकून घेऊ नका. अठराच्या आत पकडला तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर दंड २५,००० चा, मालकाला किंवा आईबापाला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द, अन् पोराला पंचविशीपर्यंत लायसन नाही. पद्मिनीपायी हे कशाला?

दुसरं. आधी मेस्त्री बघा, मग गाडी. लोक उलटं करतात. एकेकाळी सोलापुरात फियाटचे, म्हणजे पद्मिनीचेच, मेस्त्री गल्लोगल्ली होते. आता माझ्या माहितीत तिघं उरलेत. एकाला मोतीबिंदू झालाय, तो हातानं चाचपून कार्बोरेटर बसवतो, अन् खरं सांगतो, डोळसांपेक्षा बरा बसवतो. दुसऱ्याचा पोरगा लॅपटॉप लावून गाड्या तपासतो, बापाच्या कामाकडं बघत नाही. तुमच्या घरापासून रिक्षानं जाण्याच्या अंतरावर जो हाताशी असेल त्याला जाऊन विचारा, ‘दादा, पुढची दहा वर्षं ही गाडी बघाल का?’ तो हो म्हणाला तरच पुढं सरका. गाडी बघायला जाताना त्यालाच घेऊन जा, त्याची अर्ध्या दिवसाची मजुरी द्या. पार्टची काळजी तोही करतो. मुंबईला कुर्ल्यात किंवा चोर बाजारात कुणीतरी ओळखीचा असतोच, एसटीनं डबा येतो.

आता तुमची ती चकाचक पांढरी. जुन्या गाडीला नवा रंग दिसला की माझ्या पोटात गोळा येतो. पद्मिनीला ट्रकसारखी वेगळी चासी नसते. पत्र्याचा सांगाडा हीच चासी, सगळा भार तोच झेलतो. तो पत्रा गंजला अन् त्यावर लांबी, म्हणजे पुट्टी, भरून रंग मारला तर वरून नवरी, आतून पोकळ. पेंटर लोक इतकी सफाईदार लांबी भरतात की बोटाला कळत नाही. पण लोहचुंबकाला कळतं. जुन्या रेडिओच्या स्पीकरमधला गोल मॅग्नेट घ्या, फडक्यात गुंडाळा म्हणजे रंगावर ओरखडा जाणार नाही. दारांच्या खाली जो उंबरा असतो, त्यावरून पुढून मागं फिरवत न्या. जिथं चिकटणार नाही तिथं लोखंड नाही. मग पायाखालची मॅटं उचला, बॅटरीच्या खालची बैठक बघा, डिकीत स्टेपनी काढून खालचा खड्डा बघा. पावसाचं पाणी साठतं ते तिथंच.

इंजिनला लोक उगाच घाबरतात. १०८९ सीसीचं साधं चार सिलिंडरचं इंजिन. माझं दोनदा खोललं, दोन्ही वेळेला मिळून जो खर्च आला तो एकदाच्या पत्र्याच्या कामाच्या निम्मासुद्धा नव्हता. फक्त बघायला जाल तेव्हा इंजिन गार पाहिजे. पोचल्या पोचल्या बोनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर विकणाऱ्यानं तुम्ही यायच्या आधी खटपट करून चालू करून ठेवलीय असं समजा, चहा प्या अन् निघा. गार असेल तर चोक ओढून चालू करायला लावा आणि मागं उभं राहून धूर बघा. निळसर धूर सतत येत राहिला तर ऑइल जळतंय.

ब्रेकचं मात्र हसण्यावारी नेऊ नका. चारही चाकांना ड्रम, बूस्टर नाही, पाय जोरात दाबावा लागतो. गाडी उभी असताना पेडल दाबून मिनिटभर तसंच धरा. हळूहळू खाली बसायला लागलं तर मास्टर सिलिंडर गेलाय. मग मोकळ्या रस्त्यावर तीसच्या वेगानं ब्रेक मारून बघा, गाडी एका अंगाला ओढते का. तुळजापूरचा घाट उतरताना माझे ड्रम एकदा असे तापले की पेडल दगडासारखं कडक अन् गाडी थांबायचं नाव घेईना. दुसऱ्या गिअरवर टाकून उतरवली. त्या दिवसापासून ज्या गिअरवर चढायचं त्याच गिअरवर उतरायचं, हा घरचा नियम आहे. पोराला पहिल्या आठवड्यात हेच शिकवा. हँडलचा गिअर, म्हणजे स्टेअरिंगच्या दांड्यावरचा, तो चार दिवसांत शिकेल, पोरांचे हात लवकर वळतात.

सोलापूरचं ऊन. मे महिन्यात चव्वेचाळीस डिग्रीला पद्मिनी मध्येच बंद पडते अन् लोक म्हणतात इंजिन बसलं. बसलं नसतं. पेट्रोलचा पंप इंजिनलाच बसवलेला असतो, उष्णतेनं पाइपातल्या पेट्रोलची वाफ होते, पंप वाफ ओढत बसतो. पंपावर ओलं फडकं टाकायचं, झाडाखाली पंधरा मिनिटं बसायचं. तुमच्या वडिलांच्या गाडीत डॅशबोर्डवर एक फडकं अन् पाण्याची बाटली असणारच, आठवून बघा. रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी घालू नका, क्षार धरतो. आपल्याकडं नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, त्यातलं दोन लिटर गाडीच्या नावानं भरून ठेवत जा.

आणि आता नवीन दुखणं, पेट्रोलमधलं वीस टक्के इथेनॉल. आपल्याच जिल्ह्यातल्या उसाचं असेल, पण जुन्या रबराला ते मानवत नाही. पेट्रोलचे पाइप, पंपाचा पडदा, कार्बोरेटरची वायसरं हे सगळं घेतल्या घेतल्या इथेनॉलला टिकणारं बसवून घ्या. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, त्यामुळं गाडी तीन-तीन महिने उभी ठेवली तर टाकीत गंज. आठवड्यातून एकदा विजापूर रोडला संभाजी तलावापर्यंत का होईना, फिरवून आणा.

कागद. खासगी गाडीची नोंदणी आधी पंधरा वर्षांची, मग दर पाच वर्षांनी नवी करायची. तुमची १९८६ ची म्हणजे २००१, ०६, ११, १६, २१ असं झालेलं पाहिजे, अन् २०२६ ला पुन्हा उभी राहिली. वीस वर्षांवरच्या कारला आता त्याचं शुल्क १०,००० झालंय, वर पर्यावरण कर वेगळा, अन् नवी उच्च सुरक्षा नंबरप्लेट. मधली एखादी खेप चुकलेली असेल तर तो घोळ तुमच्या गळ्यात. आरसीवर चाळीस वर्षांपूर्वीच्या कर्जाचा बोजा अजून तसाच असतो कधी कधी, कर्ज फिटलेलं असतं पण कुणी उतरवायलाच गेलेलं नसतं. चासी नंबर आरसीशी स्वतः डोळ्यानं जुळवा. ‘देतो की’ म्हणणाऱ्याला म्हणावं, आधी दे, मग घेतो की.

कुणी सांगेल ‘व्हिंटेज’मध्ये नोंद करा. त्याला गाडी पन्नास वर्षांची लागते, अन् तशी नोंद झाली की ती रोज फिरवता येत नाही, रॅली-प्रदर्शनापुरतीच.

शेवटचं, रागवू नका. तुम्ही लिहिलंय, मलाही ती गाडी हवीय. मग तुम्हीच का शिकत नाही? पोराला मार्चपर्यंत थांबायचंय, तुम्हाला नाही.

रात्रपाळी

मी नर्स आहे, हाडांच्या वॉर्डात चौदा वर्षं काढलीत. वरचं सगळं वाचलं. काकांनी गंज, धूर, बोजा सगळं सांगितलं, बेल्टचं एक अक्षर नाही.

ताई, आताची गाडी धडकली की पुढचा भाग चुरगळतो, मुद्दाम चुरगळावा असाच बनवलेला असतो, म्हणजे धक्का तिथं जिरतो. जुन्या गाडीचा पत्रा जाड म्हणून लोक कौतुक करतात. गाडीला काही होत नाही, बरोबर, जे व्हायचं ते आतल्या माणसाला होतं. आताच्या स्टेअरिंगचा दांडा धडकेत दुमडतो, जुना सरळ छातीकडे येतो. सीटला मान टेकायला उशी नाही, मागून कुणी ठोकलं तर मान झटकते. एअरबॅगचा प्रश्नच नाही.

तरी मी नको म्हणत नाही, कारण रात्री दोन वाजता माझ्याकडे येतात ती पद्मिनीतली पोरं नसतात. ती दुचाकीवरची असतात, बिनहेल्मेट, तिघं-तिघं. तुमचा मुलगा बुलेट मागत नाही यातच तुम्ही अर्धी लढाई जिंकलात.

पण घेणार असाल तर पुढं दोन्ही सीटना तीन टोकांचे बेल्ट बसवून घ्या, आणि ते गंजक्या फरशीला नुसते बोल्ट मारून नकोत, खालून जाड प्लेट लावून चांगल्या वेल्डरकडून. पहिलं वर्ष पुणे हायवे बंद, अंधार पडल्यावर बंद, आणि गाडीत एका वेळी एकच मित्र. चार पोरं एकत्र बसली की चालवणाऱ्याचं लक्ष रस्त्यावर नसतं. अठराव्या वर्षी तर नाहीच नाही.

मला विचाराल तर त्या मारुतीवाल्या दादांचं ऐकावं असं वाटत होतं, पण तीही जुनी ८०० धडकेत काही फार वेगळी नाही. डिस्क ब्रेक एवढाच फरक.

अशोकचौक५६

सिस्टर, चूक कबूल. खरं सांगू का, मी बेल्ट बसवले २००५ ला. त्याआधी एकदा बाळीवेशीत म्हैस आडवी आली, ब्रेक मारला, मंडळींचं कपाळ समोरच्या पत्र्यावर आपटलं. चार टाके पडले. अजून खूण आहे, अन् दर भांडणात ती खूण मला दाखवली जाते. म्हणून तो विषय मी आपोआप टाळतो वाटतं. ताई, सिस्टर म्हणतात तसंच करा.

एसएस८०वाला

काका 😄 सिस्टर, मान्य. उद्याच माझ्या बेल्टचे बोल्ट खालून बघतो.

जुळेसोलापूरकरीण

सगळ्यांचे आभार. काका, मॅग्नेट कुठं मिळेल? मंगळवार बाजारात विचारलं तर फ्रिजवर लावायचे स्ट्रॉबेरीच्या आकाराचे दाखवायला लागले.

आणि हो, फडकं होतं. लाल, चौकटीचं. डॅशबोर्डवर नाही, स्टेअरिंगच्या दांड्याला बांधलेलं असायचं. मला वाटायचं बाबा घाम पुसायला ठेवतात.

अशोकचौक५६

माझ्याकडचा घेऊन जा. शनिवारी अकरा वाजता पार्क चौकात येतो, चहाच्या गाडीजवळ. क्रीम कलरची पद्मिनी उभी असेल, दुसरी तिथं असायची नाही.

जुळेसोलापूरकरीण

पाच आठवड्यांनी लिहितेय. उशीर झाला, कारण घडलं बरंच.

शनिवारी काकांकडून मॅग्नेट घेतला. त्यांनी माझ्या मुलाला शेजारी बसवून संभाजी तलावापर्यंत चक्कर मारून आणली. तेवढ्या वेळात पोरगं एक शब्द बोललं नाही, आणि तो गप्प बसणाऱ्यांतला नव्हे. रविवारी काकांच्या मोतीबिंदूवाल्या मेस्त्रींना रिक्षानं घेऊन अक्कलकोट रोडला गेलो. बोनेट गरम! मेस्त्रींनी हात ठेवला आणि नुसतंच माझ्याकडे बघून हसले. मग मुलानं मॅग्नेट लावला. पुढच्या चाकाजवळ चिकटला, ड्रायव्हरच्या दाराखाली आला आणि त्याच्या हातातून सटकून खाली पडला. परत लावला, परत पडला. सगळा उंबरा लांबीचा. विकणारा म्हणाला, मॅग्नेट खराब असेल. मेस्त्रींनी तो उचलून त्याच्याच शटरला लावला, खट्ट करून बसला. आम्ही चहा न पिताच निघालो.

मुलगा दोन दिवस जेवला नाही नीट. मी मारुती ८०० चा विषय काढला, तर ‘बघू’ म्हणाला, म्हणजे नाही.

दुसरी गाडी मेस्त्रींनीच सांगितली. मुरारजी पेठेत एका निवृत्त गुरुजींच्या वाड्यात, १९८९ ची, एकच मालक. रंग उडालेला, कुठला होता हेसुद्धा नीट सांगता येत नाही, पिस्त्यासारखा काहीतरी. मागची सीट फाटलेली, त्यातून काथ्या बाहेर आलेला. पण उंबऱ्यावर मॅग्नेट असा बसला की काढायला नख घालावं लागलं. स्टेपनीच्या खड्ड्यात एका ठिकाणी गंज आहे, तळहाताएवढा, मेस्त्री म्हणाले तेवढा तुकडा कापून नवा लावू. निळा धूर थोडा येतो. ब्रेकचं पेडल बसत होतं, म्हणजे मास्टर सिलिंडरचा खर्च आहे. गुरुजींनी सगळे कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत, पासिंगच्या प्रत्येक खेपेची पावती वर्षावार लावून ठेवलेली. नोंदणी २०२९ पर्यंत आहे. फायनान्सचा बोजा होता, त्यांनी १९९४ मध्येच उतरवलेला. त्यांनी किंमत सांगितली ९५,०००. मी घासाघीस करणार होते, पण ते मुलाला म्हणाले, ‘आधी बोनेट उघडून दाखव बघू.’ यानं उघडलं, आणि पंप कुठला, डेल्को कुठला, कार्बोरेटर कुठला सगळं बोट लावून सांगितलं. गुरुजींनी आपणहून ९०,००० केले. टोकन दिलं.

गाडी माझ्या नावावर घेतलीय. उरलेल्या पैशांत ब्रेकचं सगळं नवं, पेट्रोलचे पाइप, बेल्ट प्लेटसकट, मग उरलं तर इंजिन. रंग सगळ्यात शेवटी. मुलाला पिस्ता कलरच ठेवायचाय, मला क्रीम हवाय, बघू कोण जिंकतं. सिस्टर, तुमचे नियम फ्रिजवर चिकटवलेत. तेही स्ट्रॉबेरीच्या मॅग्नेटनंच.

मिस्टरांचं सांगायचं राहिलं. गाडी दारात आली त्या दिवशी ते बाहेरसुद्धा आले नाहीत. रात्री साडेअकराला मी पाणी भरायला उठले तर अंगणात गाडीच्या आतला दिवा चालू. एकटेच बसले होते, हँडलचा गिअर वर-खाली करत. मी आवाज न करता आत आले. सकाळी म्हणाले, ‘दुसरा गिअर जरा अडकतोय, मेस्त्रींना सांग.’

काका, तुमचा तो शेवटचा सल्ला. सोमवारपासून ड्रायव्हिंगच्या क्लासला जातेय. लर्निंग लायसन आलं. क्लासची गाडी होम मैदानाजवळ चार वेळा बंद पडली, मागं एसटीवाला हॉर्न मारत होता, शिकवणारे दादा घामाघूम. पण परवा पुना नाक्यापर्यंत एकदाही बंद न पाडता नेली. मुलाच्या आधी माझं लायसन येणार, म्हणून तो सध्या माझ्याशी फार गोड बोलतोय.

तुमचा मॅग्नेट परत द्यायचा आहे. शनिवारी अकराला पार्क चौकात येऊ का? शेंगाचटणी घरची आहे, सोबत आणते.

अशोकचौक५६

या. पण मॅग्नेट मला नको, मेस्त्रींकडं देऊन ठेवा, पुढच्या माणसाला लागेल. चटणी मला.